खांदा आखडलाय? हात बांधून ठेवू नका आणि झटकाही देऊ नका

वेणी घालताना हात मागे जात नाही. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना जीव जातो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गावोगावी ही तक्रार ऐकू येते आणि त्यावर उपायही दोनच सांगितले जातात. एक तर ‘हात हलवू नकोस, गळ्यात बांधून ठेव’, नाही तर ‘अमक्या गावच्या हाडवैद्याकडे जा, एका झटक्यात मोकळा करतो’. खांदा आखडला असेल तर हे दोन्ही उपाय दुखणं वाढवतात. खरा उपाय या दोन्हींच्या मधला आहे. तो म्हणजे रोज थोडी थोडी, सोसेल तेवढी हालचाल. फिजिओथेरपीत मुख्यतः हेच शिकवतात.

खांद्यात नेमकं काय होतं?

खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखं पातळ आवरण असतं. ते एरवी सैल असतं, म्हणून हात वर किंवा मागे नेता येतो. या आवरणाला सूज आली की ते हळूहळू जाड होतं, आकसतं आणि खांदा जाम होतो. डॉक्टर याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. साधारण ४० ते ६० या वयात आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. थायरॉईडचा विकार असेल किंवा मोडलेला हात बरेच दिवस झोळीत राहिला असेल, तरी खांदा आखडू शकतो.

दुखणं तीन टप्प्यांत जातं. आधी काही महिने ठणका असतो, तोही रात्री जास्त. मग ठणका कमी होतो, पण हात जाम राहतो. शेवटी तो हळूहळू सुटतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षंही लागू शकतात. ‘आपोआप बरं होतं’ हे म्हणणं अगदी खोटं नाही, पण हातावर पोट असलेल्या माणसाला एवढी वर्षं थांबणं परवडत नाही. शिवाय काहींचा हात नंतरही पूर्ण वर जात नाही.

प्रत्येक दुखरा खांदा आखडलेला नसतो

घरी एक गोष्ट करून बघता येते. दुखरा हात सैल सोडा आणि घरच्या माणसाला तो हळूच वर उचलायला सांगा. दुसऱ्यानं उचलूनही हात वर जात नसेल तर खांदा आखडल्याची शक्यता जास्त. दुसऱ्यानं उचलला तर जातो, पण स्वतः उचलताना कळ येते किंवा जोर मिळत नाही, असं असेल तर खांद्याच्या स्नायूंना दुखापत असू शकते. फवारणीचा पंप, ओझ्याची पाटी, डोक्याच्या वर हात नेऊन केलेली कामं यातून असं होतं. मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर मूळ मानेत असू शकतं. तिन्हींचे व्यायाम वेगळे असल्यामुळे सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना खांदा दाखवावाच.

आखडलेल्या खांद्यासाठी घरचे व्यायाम

व्यायामाआधी १० ते १५ मिनिटं शेक घ्या. पिशवी फडक्यात गुंडाळूनच लावा. मधुमेहात चटका लवकर कळत नाही आणि कातडी भाजते.

• झोका: चांगला हात ओट्यावर किंवा खुर्चीवर टेकून पुढे वाका. दुखरा हात खाली लोंबकळू द्या. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि गोल असे हलके १०-१० झोके घ्या.

• भिंतीवर बोटं चढवणं: भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवा. जिथं ताण येतो तिथं थोडं थांबा आणि खडूनं खूण करा. आठवड्यानं ती खूण किती वर गेली ते बघा.

• काठी: दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काठी आडवी धरा. चांगल्या हातानं ढकलत दुखरा हात हळूहळू बाहेरच्या बाजूला न्या.

हे दिवसातून दोन-तीन वेळा करा. ताण जाणवणं ठीक आहे. पण व्यायामानंतर वाढलेली कळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर जोर जास्त झाला असं समजा आणि कमी करा. ठणक्याच्या दिवसांत फक्त झोका आणि हलकी हालचाल पुरे.

दवाखान्यात काय करतात?

फिजिओथेरपिस्ट हातानं सांधा हळूहळू मोकळा करतात आणि व्यायाम वाढवत नेतात. शेकाची किंवा करंटची मशीनही लावतात. त्यानं थोडा वेळ आराम पडतो, पण नुसत्या मशीननं हात वर जात नाही. घरचा व्यायाम सुटला की फेऱ्यांचे पैसे आणि एसटीचं भाडं वाया जातं.

ठणका फार असेल तर डॉक्टर सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन सुचवतात. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा फायदा होतो, मात्र काही दिवस साखर वाढू शकते. म्हणून मधुमेह असेल तर आधी सांगा. मेडिकलमधून स्वतःहून पेनकिलर आणून महिनोन्‌महिने घेऊ नका, पोट आणि किडनीवर परिणाम होतो.

ऑपरेशनची घाई नको. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन या तिन्हींची तुलना केली होती. वर्षभरानंतर तिन्ही गटांत फार मोठा फरक दिसला नाही. भूल देऊन डॉक्टरांनी सांधा मोकळा करणं वेगळं आणि हाडवैद्याचा झटका वेगळा. अशा झटक्यानं हाड मोडू शकतं, स्नायू फाटू शकतो.

साखर तपासाच

आखडलेल्या खांद्यामागे न कळलेला मधुमेह असू शकतो. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि बीपी आरोग्य उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना दिवस विचारून घ्या. फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

इथं थांबू नका

खांदा किंवा हात अचानक दुखतोय आणि सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. शेकत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. पडल्यानंतर हात उचलत नसेल, खांदा सुजून ताप आला असेल किंवा वजन घटत असेल, तरी व्यायाम न करता आधी डॉक्टरांकडे जा.