आंबे संपले की येतो

“आई, मी नागरिक झालो. आता तुमचा दोघांचा अर्ज भरून टाकतो.” अमेरिकेतल्या एडिसनहून लेकाचा फोन आला तेव्हा मी डाळिंब्या सोलत होते आणि हे पेपर वाचत होते. दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, “म्हणजे कायमचं?”

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ग्रीन कार्ड म्हणजे लोकलचा पास असा समज आहे. खिशात ठेवायचा, मनात आलं की जायचं. माझाही तोच होता. पण बँकेत ३३ वर्षं काढल्याने बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचायची खोड लागलीय. एकवीस वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाला आईवडिलांना बोलावता येतं आणि त्यांना वार्षिक कोट्याच्या रांगेत थांबावं लागत नाही, हे खरं. पण ते कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परतताना विमानतळावर चौकशी होऊ शकते. वर्षावर जायचं तर आधी परवाना काढून ठेवायचा. दिवाळी ते आंबे इथे, बाकी तिथे, ही आमची मनातली वाटणी नेमकी त्या सहा महिन्यांवर अडखळत होती.

मग पैशांचं. कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे नाही. इथल्या सगळ्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली की त्याची वेगळी माहिती दर वर्षी द्यायची. इकडे आपण अनिवासी ठरलो की बचत खातं एनआरओ होतं, व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, पीपीएफची मुदत वाढवता येत नाही आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नव्याने पैसे ठेवता येत नाहीत. काउंटरपलीकडे बसून हे नियम मी कितीजणांना ऐकवले असतील! स्वतःवर आले तेव्हा कुठे कळलं, ते लोक असे गप्प का व्हायचे.

आणि दुखणंखुपणं. ह्यांना ७१वं लागलंय, मधुमेह जुना. मेडिकेअर ६५ नंतर मिळतं, पण आमच्यासारख्या नव्याने गेलेल्यांना सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच. म्हणजे तेव्हा ह्यांना ७६वं लागलेलं असणार. तोवर विमा आपला आपण घ्यायचा. आणि पुढेही, तिथे नोकरी केलेली नसल्याने, हॉस्पिटलच्या खर्चाच्या भागाचा हप्ता दरमहा भरायचा.

तरीही जमवलं असतं. लेक म्हणालाच, “पैशांचं माझ्यावर सोडा.” अडलं ते कढीपत्त्यावर. मागच्या खेपेला हे ओक ट्री रोडवर कढीपत्ता आणायला पायी निघाले. तिथे साड्या, सोनं, भेळ, सगळं मिळतं. पण अर्ध्या वाटेत फुटपाथच संपला. पुढे नुसतं गवत आणि शेजारून सुसाट गाड्या. तसेच परत आले. रात्री म्हणाले, “इथे मी घराबाहेर पडायचं म्हणजे कुणीतरी सुट्टी काढायला हवी.” इथे कोथरूडला हे रोज सकाळी स्कूटरवर दूध आणतात, वाटेत तिघांशी भांडतात आणि ताजेतवाने होऊन येतात.

माझी एक मैत्रीण मात्र गेली आणि छान रमली. ती इथे एकटी होती, रात्री दाराची कडी दोनदा तपासायची. तिचं गणित वेगळं, आणि तिचं बरोबरच होतं. आम्ही अजून दोघं आहोत.

लेकाला सांगितलं, अर्ज नको, पर्यटक व्हिसावर येतो. तो जरा वेळ गप्प राहिला. सूनबाईने फोन घेतला, “मग मेमध्ये याल ना?”

“आंबे संपले की येतो,” हे म्हणाले. “आणि नोव्हेंबरच्या आत परत. हयातीचा दाखला द्यायचा असतो.”

तो दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मला माहीत होतं. मी बोलले नाही.