टायरची वही

दुधाचा खाडा कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरची तारीख कपाटाच्या दाराच्या आतून, पापडाच्या पिठाचं प्रमाण जुन्या डायरीत. नोंदी ठेवणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण गाडीच्या टायरमध्ये हवा किती, हे मात्र आपण पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडतो. 'घरच्यांनी बघितलं असेल' म्हणतो आणि मागच्या सीटवर बसतो.

माझा एक भाचा पुण्यात नोकरी करतो. वर्षातून दोनदा आपली साधीच गाडी घेऊन तो कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जातो. ही शर्यत नसते. ठरलेल्या दिवशी फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि बंद ट्रॅकवर आपली गाडी पळवायची. याला म्हणतात 'ट्रॅक डे'. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि दिल्लीजवळ बुद्ध सर्किटवरही असे दिवस असतात. आणि हे काही फक्त पुरुषांचं खूळ नाही बरं का! चेन्नईची अलिशा अब्दुल्ला याच जगातली, आणि बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने तर २०१९ मध्ये मोटरसायकलवर 'बाहा' प्रकारातला महिलांचा विश्वचषक आणला.

त्याच्या सामानात मला एक शंभर पानी वही दिसली. मला वाटलं पेट्रोलचा हिशोब असेल. पण आत नुसते चौकोन! तारीख, वेळ, हवेचं तापमान, रस्त्याचं तापमान. खाली चार चाकांचे चार चौकोन. गाडी थंड असताना हवा किती, पाच फेऱ्या मारून आल्यावर किती. शिवाय प्रत्येक टायरची तीन तापमानं, आतल्या कडेचं, मधलं आणि बाहेरच्या कडेचं. दाभणासारखी सुई असलेला थर्मामीटर रबरात टोचून ती घेतात, आणि तीही गाडी थांबल्या थांबल्या. टायर भराभर निवतो, म्हणून मित्र गेज घेऊन तयारच उभा असतो. सगळ्यात शेवटी एक ओळ, गाडी कशी वाटली. 'वळणावर पुढून घसरते', 'ब्रेकला बरी'.

"मावशी, वही नसेल तर ट्रॅकवर जाणं म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं," तो म्हणाला.

वहीतलं एक पान मी मुद्दाम उतरवून घेतलं. पुढचं डावं चाक. कारण वळणं जास्त उजवीकडची असली की भार डाव्या टायरवर येतो. सकाळी थंड टायरमध्ये ३० पीएसआय हवा, फेऱ्यांनंतर ३७. तापमान आत ८२, मध्ये ८६, बाहेर ७८ अंश. मधला भाग जास्त तापला, म्हणजे हवा जास्त झाली, टायर फुगून मधल्याच पट्ट्यावर चालला. मग २८ पासून सुरुवात केली, आणि तिन्ही आकडे ८० ते ८३ मध्ये आले. रस्ता नीट धरला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. आमटीत मीठ आणि चिंच दोन्ही एकदम वाढवलं तर बिघडलं कशाने, ते कसं कळणार!

पण खरी गंमत पुढच्या पानावर होती. एकदा प्रयोग म्हणून त्याने हवा २४ वरच ठेवली. त्या दिवशी आतली कड ९३ आणि बाहेरची ९८ अंश. हवा कमी आणि टायर जास्त गरम!

इथे मी थबकले. कारण आपल्याकडे दर चैत्रात ऐकू येतं, 'ऊन वाढलंय, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल.' ऐकायला पटतं. दर दहा अंशांमागे साधारण दीड पीएसआय दाब वाढतो, हेही खरं. पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि सरळ होते. तार वारंवार वाकवली की जशी तापते तसंच. ती आतली उष्णता टायर उसवते.

अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवर ते सुटत होते, माणसं मेली होती. टायरच्या बांधणीत दोष होताच, पण त्या गाडीसाठी फोर्डने सुचवलेल्या २६ पीएसआय या आकड्यावरही बोट ठेवलं गेलं. त्यानंतरच तिथे दाब कमी झाल्यावर दिवा लावणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली.

आणि आपला समृद्धी महामार्ग? जून २०२५ पासून तो ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे. सिमेंटचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन, गाडीत सहा माणसं आणि लग्नाचं सामान. अशा वेळी 'हवा कमीच बरी' म्हणणाऱ्या मोठ्यांना विरोध करायचं धैर्य लागतं, हे मला माहीत आहे. तेव्हा वाद घालू नका, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर दाखवा. माणसं आणि सामान जास्त असेल तर किती, तेही बहुतेक त्यावर असतं. स्कूटीचा आकडा तिच्या पुस्तकात मिळेल.

भाचा ट्रॅकवर तापलेल्या टायरमधली हवा सोडतो, पण घरी निघण्याआधी टायर निवल्यावर परत भरतो. आपण तर गरम टायरची हवा सोडायचीच नाही. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायचं. छोटा गेज काही शे रुपयांत मिळतो. स्टेपनीही मोजा, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

चार आकडे, तारीख, बस्स. डिसेंबरच्या थंडीत चारही दोन-तीनने उतरलेले दिसले तर घाबरू नका, भरून घ्या. पण एकच चाक दर आठवड्याला दोन-दोनने उतरत असेल आणि बाकी तीन जागच्या जागी असतील, तर पंक्चरवाल्याला तेवढंच चाक पाण्यात बुडवून बघायला सांगा. बारीक खिळा निघतो किंवा व्हॉल्व गळत असतो.