इंजिनाचा पिवळा दिवा : अर्थ व उपाय

पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या टेंपोत चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा असतो. चावी फिरवताच तो लागावा व इंजिन सुरू झाल्यावर विझावा. चालू गाडीत तो लागून राहिल्यास दोषाची नोंद झाली आहे असे समजावे.

दिवा स्थिर असून गाडी नेहमीप्रमाणे चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र लवकर तपासणी करावी. दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा एखाद्या सिलिंडरात इंधन पेटत नाही. न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या पात्रात जळते व अतिउष्णतेने ते निकामी होते. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. तेलाचा तांबडा दिवा लागल्यास मात्र इंजिन तत्काळ बंद करणे अगत्याचे आहे.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक टिपून घ्यावा. उदाहरणार्थ, 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात प्रज्वलन चुकते. कारण प्लग, कॉइल वा इंजेक्टर यांपैकी काहीही असू शकते. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असल्यास पहिल्या दोन कॉइलांची अदलाबदल करून पाहावी. संकेतांक 'पी ०३०२' झाला, तर दोष कॉइलचाच होय. संकेतांक दोषाचे स्थान दाखवितो, कारण नव्हे. म्हणून तपासल्यावाचून सुटे भाग बदलून व्यर्थ खर्च करू नये.