टूं वाजलं... पुढे काय?

आधीच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण आपले वॉचमन काका या अंकातला मराठी भाग अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मला जे सांगायचंय ते आधी त्यांना सांगायचंय.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला मी मुलांच्या गेटवर व्हॉलंटियर होतो. गळ्यात बॅज, हातात तो काळा, छोट्या बॅटसारखा दिसणारा मेटल डिटेक्टर. पहिला अर्धा तास मी एकदम जोशात! प्रत्येकाला वर-खाली तपासतोय, किल्ल्या बाहेर काढायला लावतोय, बेल्टचं बकल बघतोय. मग आठ वाजले. आत बँड सुरू झाला, लाईन मेसच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागून शिव्या यायला लागल्या. मी काय केलं? डिटेक्टरचं बटण बंद केलं आणि तो नुसताच फिरवत राहिलो. वाजायलाच नको! दहा मिनिटांत लाईन साफ. सगळे खूश, मी पण खूश.

दुसऱ्या दिवशी हॉल झाडताना मावशींना खुर्च्यांखाली एक चाकू सापडला. बटण दाबलं की पातं बाहेर येणारा. कोणाचा, कशासाठी आणला, काहीच कळलं नाही. रेक्टर सरांनी तो जमा केला आणि विषय संपला. माझ्यासाठी मात्र संपला नाही. तो माझ्याच हाताखालून आत गेला असणार, हे डोक्यातून जाईना.

मग सुट्टीत मी या विषयावर वाचत सुटलो. रोज हजारो माणसं गेटातून आत सोडणं हाच ज्यांचा धंदा आहे ते हे कसं करतात, हे बघायला गेलो आणि पोचलो थेट अमेरिकेतल्या थीम पार्क्सच्या गेटवर. तिथे जे सापडलं ते हे.

राइडच्या सीटवर पिस्तूल!

मे २०१३. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहराजवळचं डिस्नेचं ‘अॅनिमल किंगडम’ पार्क. तिथे ‘डायनॉसॉर’ नावाची राइड होती, अंधारात गाडी गदागदा हलवणारी. एक आजी नातवाला घेऊन त्यात बसायला गेल्या, तर सीटवर चक्क पिस्तूल. खेळण्यातलं नाही, खरं, आणि गोळ्या भरलेलं. आजींनी ते तिथल्या कर्मचाऱ्याकडे दिलं म्हणून निभावलं. थोड्या वेळाने पिस्तुलाचा मालक स्वतःच शोधत आला. हादऱ्यांमध्ये ते त्याच्या खिशातून पडलं होतं. त्याच्याकडे शस्त्र लपवून बाळगण्याचं रीतसर लायसन्स होतं आणि पार्कमध्ये ते चालत नाही हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्याने सांगितलं.

आता गंमत बघा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर डिस्नेच्या गेटवर बॅगा तपासायला सुरुवात झाली होती. म्हणजे तपासणी होती. पण ती बॅगेची होती, आणि पिस्तूल होतं खिशात! सरसकट सगळ्यांच्या खिशापर्यंत कोणी पोचतच नव्हतं.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे लायसन्सशिवाय बंदूक ठेवता येत नाही आणि ते लायसन्सही सहजी मिळत नाही. फ्लोरिडात उलट आहे. १ जुलै २०२३ पासून तर तिथे कायद्याने पात्र असलेल्या माणसाला लपवून शस्त्र बाळगायला लायसन्सचीही गरज उरली नाही. पण पार्क ही खाजगी जागा, तिथे मालकाचा नियम चालतो: शस्त्र आत नाही. म्हणजे गेटच्या बाहेर जे कायदेशीर आहे ते गेटच्या आत चालत नाही, आणि या दोहोंच्या मधे उभा असतो एक गार्ड. बिचारा!

गेटवर पकडली जाणारी सगळीच माणसं हल्लेखोर नसतात. अमेरिकेतल्या विमानतळांवर २०२३ या एका वर्षात तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या. आणि पकडले गेलेल्यांचं नेहमीचं उत्तर काय, तर “बॅगेत आहे हे विसरलोच!” विसराळू माणसाला थांबवायला खरं तर मशीनच्या आधी एक ठळक बोर्ड पुरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

चौकटीत नेमकं होतं काय?

१७ डिसेंबर २०१५ ला ऑर्लँडोत डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिन्ही पार्कवाल्यांनी एकाच दिवशी मेटल डिटेक्टर सुरू केले. पॅरिसचा हल्ला होऊन महिना झाला होता आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचा होऊन दोन आठवडे. डिस्नेने त्याच वेळी पार्कमध्ये खेळण्यातल्या बंदुका विकणंही बंद केलं. कारण उघड आहे: लांबून खरी कोणती आणि खोटी कोणती, हे गार्डने ओळखायचं कसं?

आता ती चौकट. सेकंड इयरला फॅरेडे साहेबांनी आपल्याला छळलं, तो छळ इथे कामाला येतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या पॅनेलमध्ये तारांची वेटोळी असतात. त्यातून करंटचे अगदी छोटे पल्स सोडतात. प्रत्येक पल्सबरोबर चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि लगेच कोसळतं. मधे धातू असेल तर त्यात एडी करंट फिरायला लागतात. मूळ क्षेत्र गेलं तरी हे करंट काही मायक्रोसेकंद रेंगाळतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र रिसीव्हर कॉइलला जाणवतं. वस्तू मोठी आणि चांगली वाहक असेल तर ते जास्त रेंगाळतं. बस, एवढंच!

म्हणजे चौकटीला बंदूक कळत नाही. चाकू कळत नाही. तिला फक्त धातू कळतो, तोसुद्धा साधारण किती आणि शरीराच्या कुठल्या उंचीवर एवढाच. प्लॅस्टिकचं किंवा सिरॅमिकचं पातं तिच्या लेखी नाहीच. आणि किती धातूला ‘टूं’ म्हणायचं, हे ठरतं सेन्सिटिव्हिटीच्या सेटिंगवर, जे माणूस फिरवतो. सगळी गोष्ट त्या सेटिंगपाशी येऊन थांबते.

थोडं गणित (घाबरू नका, केटी लागणार नाही)

समजा एका पार्कमध्ये दिवसाला ५०,००० माणसं येतात आणि त्यातल्या ५ जणांकडे शस्त्र आहे. मशीन इतकं चांगलं की पाचही जणांवर वाजतं. पण साध्या माणसांपैकी ५ टक्क्यांवरही वाजतं: किल्ल्या, नाणी, बकल. हे आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त हिशेबासाठी. किती खोटे टूं? जवळजवळ २,५००! म्हणजे एका खऱ्या टूंमागे ५०० खोटे. प्रत्येक टूंला एक मिनिट द्यायचं म्हटलं तर सुमारे ४२ तास होतात. आठ तासांच्या ड्युटीवर पाच-सहा माणसं नुसती याच कामाला.

आता गार्डच्या जागी स्वतःला ठेवा. चारशे वेळा टूं झालं, चारशे वेळा किल्ल्याच निघाल्या. चारशे एकाव्या वेळी तुम्ही काय कराल? हात हलवून “चला पुढे” म्हणाल. रेल्वे स्टेशनवरच्या चौकटी आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्या वाजत असतात आणि माणसं जात असतात. तो गार्ड आळशी असतो असं मला आता वाटत नाही. टूंनंतर काय करायचं, आणि ते करायला माणसं किती, हे कोणी ठरवलेलंच नसेल तर तो एकटा काय करणार?

मग सेटिंग खाली आणा? खोटे टूं कमी होतील, पण छोटा चाकू निसटेल. मी बटण बंद केलं म्हणजे काय केलं? सेटिंग थेट शून्यावर नेलं.

रांग हाही धोकाच

बरं, वर ठेवलं तर रांग वाढते. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक सोपा नियम आहे: रांगेतली माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. मिनिटाला १०० जण येतात आणि प्रत्येकाला १० मिनिटं लागतात, तर गेटबाहेर कायम १,००० माणसं उभी. आणि ही हजार माणसं तपासलेल्या हद्दीच्या बाहेर आहेत!

मॅंचेस्टरला २२ मे २०१७ रोजी हेच झालं. ते थीम पार्क नव्हतं, गाण्याचा कार्यक्रम होता. स्फोट हॉलच्या आत झाला नाही, बाहेरच्या फॉयरमध्ये झाला, लोक घरी निघालेले असताना. २२ निरपराध माणसं गेली.

डिस्नेने २०१७ मध्ये ‘मॅजिक किंगडम’ची तपासणी पार्कच्या दारातून मागे नेली. पार्किंगमधून फेरीबोटीत किंवा मोनोरेलमध्ये बसायच्या आधीच तपासायचं. गर्दी वेगवेगळ्या जागी विभागली गेली आणि दारातली कोंडी कमी झाली. मशीन तेच, फक्त जागा बदलली. मला ही आयडिया जाम आवडली.

ज्या जागेला गेटच नाही तिथे काय? जून २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये गोळीबारात ४९ जण मारले गेले. २०१८ मध्ये सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं, की हल्लेखोराच्या मनात आधी ‘डिस्ने स्प्रिंग्ज’ हे उघडं शॉपिंग सेंटर होतं आणि बंदूक तो बाबागाडीत लपवणार होता. पण तिथले पोलीस पाहून तो मागे फिरला. म्हणजे तिथे त्याला अडवलं ते कुठल्या चौकटीने नाही, जागेवर उभ्या असलेल्या जाग्या माणसांनी.

आणि ते ‘एआय’वालं मशीन?

असतं! २०२० पासून सिक्स फ्लॅग्ससारख्या पार्क्समध्ये न थांबता, खिसे रिकामे न करता चालत जायच्या नव्या चौकटी आल्या. सेन्सर आलेल्या सिग्नलचा ‘आकार’ बघतात आणि सॉफ्टवेअर ठरवतं की हे शस्त्रासारखं आहे का. रांग झटपट सरकते. पण छत्री, चष्म्याची धातूची केस किंवा स्टीलची बाटली बॅगेत असेल तर ती बाहेर काढून हातात समोर धरायला सांगतात. का? तो लांबट धातूचा तुकडा सॉफ्टवेअरला फसवतो म्हणून!

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी मशीन बनवणाऱ्या इव्हॉल्व कंपनीवर खोट्या जाहिरातीबद्दल कारवाई केली. शाळांमध्ये बसवलेली मशीन लॅपटॉपवर वाजत होती आणि काही चाकू मात्र सोडत होती, असा आरोप. म्हणजे सेटिंग संपलेलं नाही मित्रांनो. ते फक्त सॉफ्टवेअरच्या आत जाऊन बसलंय.

आता आपलं गेट

इतकं वाचून मी कल्चरल कमिटीला एक पानी प्रस्ताव दिलाय. एकही नवीन मशीन मागितलेलं नाही. मागितलंय ते असं:

१. काय आणायचं नाही, हे पासवर आणि मेसच्या बोर्डवर आठवडाभर आधी, ठळक अक्षरात. विसराळू मंडळी तिथेच कमी होतील.

२. बॅग असलेल्यांची लाईन वेगळी, बिनबॅगवाल्यांची वेगळी.

३. गेट कार्यक्रमाच्या दीड तास आधी उघडायचं. तपासणी मेसपाशी, हॉलच्या दारात नाही.

४. टूं वाजलं की त्या माणसाला बाजूच्या टेबलाकडे न्यायचं, तिथे दुसरा व्हॉलंटियर. मागची लाईन थांबायला नको.

५. दर वीस मिनिटांनी माणूस बदलायचा. चारशे किल्ल्यांनंतर कोणाचंही डोकं बंद पडतं.

६. कोणाच्या खिशात चुकून काही निघालं तर ते टेबलावर ठेवायचं आणि नाव न विचारता जमा करायचं. तमाशा केला तर पुढचा माणूस लपवूनच आणणार.

आणि सातवं, कमिटीला न सांगितलेलं. वॉचमन काका, त्या रात्री तुम्ही मला म्हणाला होतात, “बाळा, दमलास तर मला हाक मार.” मी हाक मारली नाही, बटण बंद केलं. चूक माझी होती.

या वर्षी मी पुन्हा गेट ड्युटीला नाव दिलंय. बटण चालू असेल. मागून शिव्या आल्या तरी चालू असेल. तुम्ही फक्त किल्ल्या हातात धरून या, म्हणजे आपण सगळेच बँडचं पहिलं गाणं ऐकू!