गोठा झालेले प्रार्थनामंदिर

इंग्लंडच्या पूर्वेस नॉर्फक परगण्यात वॉलसिंगहॅम नावाचे एक लहानसे खेडे आहे. भोवती धान्याची शेते, जवळून वाहणारी स्टिफ्की ही चिमुकली नदी, अरुंद रस्त्यांच्या कडेला लाकडी चौकटीची जुनी घरे; असे हे साधे गाव. तरीही एके काळी राजेरजवाडे येथे यात्रेकरू म्हणून येत असत.

परंपरा अशी सांगते, की १०६१ साली रिचेल्डिस नावाच्या एका सुशील स्त्रीला पवित्र मरियेने नाझरेथचे आपले घर दर्शनात दाखविले आणि तसेच घर येथे उभारावयास सांगितले. पुढे त्या घराशेजारी ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ झाला आणि गावाची कीर्ती दूरवर पसरली. स्वतः राजा आठवा हेन्री १५११ साली येथे भक्तिभावाने आला होता. परंतु मनुष्याचे मन किती पालटते पाहा! त्याच राजाच्या आज्ञेने मठांवर संकट कोसळले. प्रतिकाराचा बेत केल्याच्या आरोपावरून १५३७ साली अकरा जणांना देहान्त शासन झाले. १५३८ साली मठ बंद पडला आणि मरियेची मूर्ती लंडनला नेऊन जाळण्यात आली.

गावापासून सुमारे मैलभर अंतरावर चौदाव्या शतकातील एक लहान प्रार्थनामंदिर होते. यात्रेकरू तेथे पादत्राणे काढून उरलेली वाट अनवाणी चालत, असे सांगतात. तेही ओस पडले. कधी गोरगरिबांचे निवासस्थान, कधी लोहाराचा भाता, तर कधी गुरांचा गोठा अशी त्याची दशा झाली. पण भिंती मात्र उभ्या राहिल्या.

१८९६ साली शार्लट बॉईड नावाच्या बाईंनी ती वास्तू विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार करविला. त्यानंतरही अनेक वर्षे वाट पाहावी लागली. अखेर १९३४ साली तेथे पुन्हा मिस्सा अर्पण झाली आणि ते इंग्लंडच्या कॅथलिकांचे राष्ट्रीय तीर्थस्थान ठरले. त्याआधीच, १९३१ साली, अँग्लिकन बंधूंनीही गावात आपले पवित्र गृह बांधले होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी त्या प्रार्थनामंदिराला बॅसिलिकेचा मान दिला. आता इंग्लंडात स्थायिक झालेले तमिळ आणि केरळीय ख्रिस्ती लोकही दरवर्षी मोठ्या संख्येने तेथे यात्रेस जातात.

वाचकहो, सुमारे चारशे वर्षे जेथे मिस्सा झाली नाही, तेथे पुन्हा दिवा लागला. सत्तेने जे मोडले, ते एका बाईच्या श्रद्धेने सावरले. गोठा म्हणून कोणी त्या जागेला हीन लेखील काय? आपला प्रभू तर गव्हाणीतच निजला होता. आपल्याही गावच्या वाटेवर एखादा जुना क्रूस भंगून पडला असेल, एखाद्या घरात संध्याकाळची रोझरी बंद पडली असेल. ती पुन्हा सुरू करण्यास राजाची आज्ञा लागत नाही. घरातील एका माणसाने आज गुडघे टेकले, तरी पुरे.