डार्विनच्या घरातली घसरगुंडी

1876 सालच्या जानेवारीत चार्ल्स डार्विनने अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिलं. तोवर त्याचं नाव जगभर गाजत होतं, निम्म्या जगाला तो पूज्य आणि उरलेल्या निम्म्याला पाखंडी वाटत होता. पण या पत्रात त्याने मोठ्या फुशारकीने जे कळवलं ते उत्क्रांतीबद्दल नव्हतं. तो आणि त्याची बायको एमा रोज रात्री बॅकगॅमनचे दोन डाव टाकत आणि जिंकल्या-हरल्याचा हिशेब ठेवत. त्या दिवसापर्यंत बिचारी एमा 2490 डाव जिंकली होती आणि तो स्वतः 2795. पुढे त्याने चक्क विजयाची आरोळीही ठोकली होती. एकूण डाव झाले 5285. रोजचे दोन धरले तर एकही रात्र न चुकता सात वर्षांहून जास्त काळ हा खेळ चालला असला पाहिजे.

आपल्या पाठ्यपुस्तकांत डार्विन येतो तो पांढरीशुभ्र दाढी आणि खोल गेलेले डोळे घेऊन. त्या फोटोकडे पाहून हा माणूस कधी हसला असेल असं कुणाला वाटणार नाही. केंब्रिजमध्ये शिकत असताना मात्र हा आणि त्याचे मित्र एक खाद्यमंडळ चालवत. माणसाने सहसा न चाखलेले पक्षी शिजवून खायचे, एवढाच त्या मंडळाचा कार्यक्रम. घुबड शिजवलं त्या दिवशी मंडळ बरखास्त झालं. किडे गोळा करण्याचा नाद तर असा की एकदा दोन्ही हातांत एकेक दुर्मीळ भुंगेरा असताना तिसरा दिसला, तेव्हा हातातला एक त्याने सरळ तोंडात टाकला. भुंगेऱ्याने जिभेवर जहाल पिचकारी मारली. तोंडातला गेलाच, तिसराही निसटला.

बीगल जहाजावरची पाच वर्षं संपवून तो 1836 मध्ये परतला, आणि दोन वर्षांनी लग्न करावं की नाही हा प्रश्न त्याने कागदावर घेतला. एका बाजूला लग्नाचे फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. तोट्यांत पुस्तकांना पैसे कमी पडतील, संध्याकाळी वाचता येणार नाही, अंगात आळस आणि चरबी वाढेल. फायद्यांत मुलंबाळं, म्हातारपणी सोबत, घरात गाणं. शिवाय बायको ही कुत्र्यापेक्षा तरी बरीच, अशी एक नोंद. आजची कुठलीही मुलगी हा कागद वाचून उठून गेली असती. हिशेबाच्या शेवटी त्याने लग्न, लग्न, लग्न असं तीनदा लिहून भूमितीतल्या सिद्धतेसारखी खाली मोहोर मारली. 29 जानेवारी 1839 ला एमा वेजवुडशी त्याचं लग्न झालं. ती त्याची सख्खी मामेबहीण. चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातली, आणि शोपँकडून पियानोचे धडे घेतलेली.

1842 मध्ये दोघं लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेले. चाळीस वर्षं, मरेपर्यंत, डार्विन त्याच घरात राहिला. दोघांना दहा मुलं झाली. सात मोठी झाली.

या बापाने पहिल्या मुलाचं, विल्यमचं, स्वागत वही घेऊन केलं. सात दिवसांच्या बाळाच्या तळपायाला कागदाचा तुकडा लावला की ते पाय कसा झटकन ओढून घेतं, गुदगुल्यांना कधी हसतं, आरशातल्या प्रतिबिंबाकडे कसं बघतं, सगळं टिपून ठेवलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या जेनी नावाच्या ओरांगउटानलाही त्याने आधी आरसा दाखवून पाहिलाच होता. विल्यमच्या नोंदींवरून लिहिलेला लेख 1877 मध्ये छापून आला, तेव्हा ते बाळ सदतीस वर्षांचं होतं आणि बँकेच्या धंद्यात स्थिरावलं होतं. पण ही वही कोरड्या निरीक्षकाची नाही. बाळाला रडवावं लागेल असे प्रयोग करायला त्याचा हात धजत नसे. 1850 च्या जानेवारीत लेनर्ड या मुलाच्या वेळी एमाच्या कळा सुरू झाल्या आणि डॉक्टर यायचे होते, तेव्हा त्याने स्वतःच तिला क्लोरोफॉर्म हुंगवला. बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षं झाली होती. व्हिक्टोरिया राणीने तो घेतला त्यानंतर तीन वर्षांनी. बायकोचं दुखणं बघवेना म्हणून हातात बाटली घेणाऱ्या माणसाच्या धाडसाला दाद द्यावी की त्याच्यावर रागवावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

घराच्या जिन्यावर एक घसरगुंडी होती. लाकडाची लांबलचक गुळगुळीत फळी पायऱ्यांवर बसवायची आणि वरून सुटायचं. ती फळी डाउनच्या घरात आजही बघायला मिळते. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर नाचायला मात्र बंदी होती, स्प्रिंगा मोडतात म्हणून. एकदा डार्विन आत आला तर धाकटा लेनर्ड त्याच सोफ्यावर उड्या मारतोय. हे नियमाविरुद्ध आहे, असं बापाने म्हटलं. तसं असेल तर तुम्हीच खोलीबाहेर गेलेलं बरं, असं त्या पोराने शांतपणे सुचवलं. डार्विन हा किस्सा पुढे हौसेने सांगत असे.

अभ्यासिकेतल्या वेळेला घरात मान होता. सकाळी न्याहारीनंतर दीड तास आणि नंतर दुपारपर्यंत दीड तास, एवढाच त्याचा खरा कामाचा वेळ. त्यापलीकडे तब्येत साथ देत नसे. पण मुलांना कात्री हवी, सुतळी हवी, पट्टी हवी, बोट कापलं म्हणून चिकटपट्टी हवी, आणि या सगळ्या वस्तू त्याच अभ्यासिकेत. पुन्हा पुन्हा दार उघडलं की तो अगदी अजिजीने विचारी, आता पुन्हा न येणं जमेल का? चार वर्षांच्या एका मुलाने तर कामाच्या वेळात खेळायला यावं म्हणून बापाला सहा पेन्सांची लाच देऊ केली होती. कुणी आजारी पडलं की त्याला अभ्यासिकेतल्याच कोचावर पांघरुणात गुंडाळून निजवलं जाई. बाप शेजारी लिहितोय एवढ्यावरच त्या मुलाला निर्धास्त वाटे.

त्याच अभ्यासिकेतून 1859 मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाहेर पडलं. छापून झाल्यावर हस्तलिखिताचे कागद पाठकोरे म्हणून मुलांच्या हाती गेले. फ्रान्सिसने एका पानामागे फळं आणि भाज्या यांच्या सैन्यांची लढाई रंगवली. त्या हस्तलिखिताची फारच थोडी पानं आज शिल्लक आहेत, आणि त्यांतली काही वाचली ती मागे मुलांनी चित्रं काढली होती म्हणून. आईबापांनी चित्र जपलं, त्याच्या पाठीवरचा मजकूर आपोआप वाचला.

डार्विनच्या घरात विज्ञान आणि दंगामस्ती यांच्या खोल्या वेगळ्या नव्हत्या, आणि त्याच्या कामाचा हा भाग चरित्रांत अनेकदा गोड किस्से म्हणून उरकला जातो, हे खटकतं. नर भुंगे ठरावीक वाटेनेच फिरतात आणि ठरावीक जागी क्षणभर घोटाळतात, असं त्याच्या ध्यानात आलं. वेगाने उडणाऱ्या भुंग्यामागे चाळिशी ओलांडलेला, पोटाने कायम त्रस्त असलेला माणूस कसा धावणार? त्याने पाच-सहा मुलं वाटेवर एकेका जागी उभी केली. भुंगा आला की आपल्या ठाण्यावरून ओरडायचं. या हाळ्यांमधून भुंग्याचा मार्ग जमिनीवर आखला गेला. ओळख पटावी म्हणून भुंग्यांवर पीठही भुरभुरलं. 1855 मध्ये त्याने मिठाच्या पाण्यात बिया भिजत घातल्या. समुद्रप्रवाहाबरोबर वाहत गेलेल्या बिया दूरच्या बेटावर रुजू शकतील का, हा प्रश्न होता. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर म्हणत होता, छे, मरतील. बाटल्यांना घाण वास सुटला, पण मुलं रोज विचारत राहिली, तुम्ही डॉक्टर हूकरला हरवणार ना? हरवलंच. 87 प्रकारच्या बियांपैकी 64 प्रकार 28 दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजले.

त्याआधीची आठ वर्षं तो बार्नेकल या जीवांवर काम करत होता. खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून राहणारे हे कवचवाले प्राणी तो रोज सूक्ष्मदर्शकाखाली फाडत बसे. सगळेच बाप हेच करतात, अशी त्या घरातल्या मुलांची समजूत. एका मुलाने शेजारच्या गृहस्थांबद्दल विचारलं म्हणतात, ते त्यांचे बार्नेकल कुठे करतात?

ॲनी ही त्याची थोरली मुलगी, सगळ्यांत लाडकी. डार्विनला तपकिरीचं व्यसन होतं. ते कमी व्हावं म्हणून त्याने बरणी अभ्यासिकेबाहेर ओसरीवजा खोलीत ठेवली होती; उठून जावं लागलं तर चिमूट कमी लागेल, हा हेतू. बरणीच्या झाकणाचा खणकन आवाज घरभर सगळ्यांच्या ओळखीचा. ॲनी त्या बरणीतून गुपचूप चिमूटभर तपकीर उचलायची आणि बापाला आणून द्यायची. सँडवॉक नावाच्या त्याच्या फेरफटक्याच्या वाटेवर ती त्याच्या पुढे पुढे गिरक्या घेत चाले. कधी त्याचे केस विंचरून ‘सुंदर’ करत बसे. 1851 च्या वसंतात ती आजारी पडली. जलोपचारांसाठी तो तिला मॅल्व्हर्नला घेऊन गेला. एमाला दिवस भरत आले होते, ती डाउनलाच राहिली. 23 एप्रिलला ॲनी गेली. दहा वर्षांची होती. आठवडाभरातच त्याने तिच्या आठवणी लिहून काढल्या. ही तपकीर, या गिरक्या, हे केस विंचरणं तिथूनच आपल्याला कळतं. तो कागद छापण्यासाठी नव्हता, विसरू नये म्हणून होता. एमाने तिची लिहिण्याची पेटी जपून ठेवली. पुढे ती खापरपणतवाच्या पिढीतल्या रँडल केन्स यांना सापडली आणि 2001 मध्ये त्यांनी तिच्यावरच पुस्तक लिहिलं.

1858 च्या जूनअखेर सर्वांत धाकटा मुलगा चार्ल्स वेअरिंग तापाने गेला. तीनच दिवसांनी, 1 जुलैला, लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि त्याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोचलेला निसर्गअभ्यासक वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे निबंध वाचले गेले. डार्विन तिथे नव्हता.

मामेबहिणीशी लग्न केल्यामुळे तर मुलं अशक्त निपजली नसतील, ही टोचणी त्याला आयुष्यभर लागून राहिली. 1871 च्या जनगणनेत अशा लग्नांबद्दल प्रश्न विचारावा म्हणून त्याने खासदार असलेल्या लबक या शेजाऱ्यामार्फत पार्लमेंटमध्ये खटपट केली. ती फेटाळली गेली. मग मुलगा जॉर्ज यानेच चार वर्षांनी या विषयावर अभ्यास छापला.

या सगळ्या घरपणाला भक्कम आधार पैशाचा होता, हेही सांगायला हवं. डार्विनचे वडील श्रीमंत डॉक्टर, सासर कारखानदारांचं. पोटासाठी नोकरी त्याने कधी केली नाही. घरात नोकरचाकर होते. पार्स्लो हा बटलर तर छत्तीस वर्षं टिकला. आणि सतरा वर्षांत दहा बाळंतपणं काढून, नवऱ्याच्या रोजच्या ओकाऱ्या आणि डोकेदुख्या सांभाळून घर हसतं ठेवणारी एमा होती. मुलांशी वडील कधी रागावून बोलले नाहीत, असं फ्रान्सिस लिहितो. मुलांनी बापाबद्दल लिहिलेलं जरा जपूनच वाचावं; पण घरातल्यांची शेकडो पत्रं उपलब्ध आहेत आणि त्यांतूनही काही वेगळं दिसत नाही.

संध्याकाळी एमा पियानो वाजवी. डार्विनला स्वरांचं ज्ञान शून्य. ओळखीचं राष्ट्रगीत जरा जलद वाजवलं तरी त्याला ओळखू येत नसे. तरीही तो तल्लीन होऊन ऐके. मग एमा कादंबरी वाचून दाखवी. शेवट गोड नसलेल्या कादंबऱ्यांवर कायद्याने बंदी हवी, असं त्याने आत्मचरित्रात गमतीने लिहून ठेवलंय.

1876 मध्ये फ्रान्सिसची बायको बाळंतपणात गेली आणि तो तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईबापांकडे परतला. सदुसष्ट वर्षांच्या आजोबांच्या घरात पुन्हा लहान मूल आलं. त्याच काळात गांडुळांचे प्रयोग जोरात होते. मातीच्या कुंड्यांतल्या गांडुळांना ऐकू येतं का, हे तपासायला घरच्यांची पलटण कामाला लागली. फ्रान्सिसने बॅसून हे फुंकवाद्य वाजवलं, एमाने पियानो, धातूची शिट्टी फुंकून झाली, आजोबा स्वतः ओरडले. गांडुळं ढिम्म. कुंड्या पियानोवरच ठेवून खर्जातला एक स्वर दाबला, तेव्हा मात्र ती सरसर बिळात शिरली. त्यांना आवाज नाही, थरथर कळत होती. 1881 च्या ऑक्टोबरात आलेल्या त्या पुस्तकाच्या थोड्याच दिवसांत हजारो प्रती खपल्या.

19 एप्रिल 1882 ला डार्विन वारला. त्याला डाउनच्याच चर्चजवळ, आपल्या दोन तान्ह्या मुलांशेजारी, पुरायचं ठरलं होतं. गावच्या सुताराने त्याला आवडेल तशी साधी, रंधा-पॉलिश न केलेली शवपेटी बनवली. पण लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी आणि खासदारांनी वेस्टमिन्स्टर ॲबीचा आग्रह धरला, आणि चकचकीत पेटी आली. सुताराला ते अजिबात रुचलं नाही. एमा लंडनला गेलीच नाही. 26 एप्रिलच्या त्या भव्य अंत्यविधीत थोरला मुलगा म्हणून विल्यम सर्वांत पुढच्या बाकावर बसला होता. त्याच्या टकलाला गार वाऱ्याची झुळूक लागू लागली. पुढे डार्विनच्या नातीने, ग्वेन रॅव्हेराटने, लिहून ठेवलंय की त्याने हातातले काळे हातमोजे काढून डोक्यावर नीट तोलून ठेवले आणि देशातली सारी मान्यवर मंडळी बघत असताना विधी संपेपर्यंत तसाच बसून राहिला.