हाताचा ठसा आणि बाजारभाव

कथावाङ्मयात कोणी जिवापाड जपलेली वस्तू आली की तिला ‘प्रतीक’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी ‘स्मृतीचे प्रतीक’ असे लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. त्या वस्तूला बाजारात काय भाव येईल, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रश्न रूक्ष खरा. परंतु कथेचे मर्म पुष्कळदा त्यातूनच उलगडते.

ओ. हेन्रीच्या १९०५ सालच्या सुप्रसिद्ध नाताळकथेत आकडे उघडच मांडलेले आहेत. पत्नीचे केस २० डॉलरला जातात, घड्याळाची साखळी २१ डॉलरला येते. आणि ज्यासाठी ती साखळी, ते वडिलोपार्जित घड्याळ पतीने तिच्या कंगव्यांसाठी आधीच विकलेले असते. कथा मनोहर आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यातील प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक आहे.

रवींद्रनाथ ठाकुरांची १८९२ सालची ‘काबुलीवाला’ ही कथा याहून सरस ठरते ती येथेच. रहमत हा उधारीचा व्यवहार करणारा फेरीवाला. शालीचे पैसे बुडवू पाहणाऱ्या ऋणकोवर तो सुरा चालवतो आणि तुरुंगात जातो. सुटून येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. आणलेल्या सुक्या मेव्याचे पैसे तो नाकारतो आणि अंगरख्यातून घडी घातलेला एक मळका कागद काढतो. त्यावर त्याच्या लेकीच्या चिमुकल्या हाताचा काजळीचा ठसा असतो. ना छायाचित्र, ना तैलचित्र. जन्मभर मालाचा भाव ठरविणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी ठेव ही अशी. तिला बाजारात कवडीही येणार नाही.

याच बंगालमध्ये १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला होता. हेतू हा की, त्याने पुढे करार नाकारू नये. बोटांच्या ठशांच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. रवींद्रनाथांच्या मनात ती होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु वाचणाऱ्याला दोन्ही ठसे शेजारी ठेवून पाहता येतात. एक ठसा देणे नाकारता येऊ नये म्हणून घेतलेला. दुसऱ्यात देणेघेणे काहीच नाही आणि तरीही एक माणूस तो वर्षानुवर्षे, परमुलुखात, छातीशी बाळगतो.

या ठेवीची एक क्रूर बाजूही आहे. कागदावरचा हात वाढत नाही. नववधूच्या वेषातील मिनी समोर आली तेव्हाच रहमतला उमगते की, तिकडे आपली लेकही अशीच वाढली असेल, तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागेल. स्मृतिचिन्ह नाते सांभाळते, पण ते गोठवूनही ठेवते. पाठ्यपुस्तकी ‘प्रतीका’त हा दंश हरवून जातो.

मिनीचे वडील रहमतला गावी परतण्यासाठी पैसे देतात. हे पैसे कोठून आले, हे सांगायला रवींद्रनाथ विसरत नाहीत. लग्नाच्या खर्चातील दोन बाबी त्यांनी गाळल्या: विजेची रोषणाई मनाजोगती झाली नाही आणि किल्ल्यावरचा बॅन्ड आला नाही. अंतःपुरातील स्त्रिया त्याबद्दल नाराज झाल्या.